आयटीआयनंतर शिकवण्याची वाट

मुलगा आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपलं, अशी धास्ती घेतलेले पालक वर्धा जिल्ह्यातल्या देवळी परिसरात आजही आहेत. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्या जिल्ह्यात तरी हाताच्या कामाला कमी लेखू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय ज्या वर्कशॉपमध्ये मुलगा शिकतो, तिथेच पुढे शिकवायला उभं राहण्याची वाटही आहे. त्या पदाला शिल्प निदेशक म्हणतात.

हे काम दुहेरी आहे. कानस कशी धरायची, व्हर्निअर कसा वाचायचा, हे चुकणाऱ्या मुलाला पाचव्यांदाही शांतपणे समजावावं लागतं. पण लेथ सुरू असताना कोणी सैल बाह्यांनी जवळ आला, तर तिथे समजावणं नाही. 'मागे हो' म्हटलं की त्याने मागे झालंच पाहिजे. फिटरच्या तुकडीतल्या वीसेक मुलांची बोटं आणि डोळे निदेशकाच्या भरवशावर असतात. समजावण्याचा कंटाळा असेल किंवा ठणकावून सांगायला जीभ अडखळत असेल, तर या वाटेला जाऊ नका.

फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. त्यानंतर अप्रेंटिसशिप करावी आणि मग एक वर्षाचा सीआयटीएस हा निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम. तो मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो; मुलींसाठी मुंबईतच वेगळी संस्था आहे. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो.

माझा आग्रह एवढाच की सीआयटीएसची घाई करू नका. आधी देवळी एमआयडीसीत किंवा बाहेर कुठे कारखान्यात दोन-तीन वर्षं काढा. ज्याने बिघडलेलं यंत्र रात्रपाळीत स्वतः उघडलं आहे, त्याचं शिकवणं मुलांना पटतं. नोकरीच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचं. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने 2022 मध्ये शिल्प निदेशकांच्या 1457 पदांची जाहिरात काढली होती, पण अशी मोठी भरती दरवर्षी निघत नाही. तोवर हातात पगार हवा.

आणि पालकांनो, 'पैसे द्या, निदेशक म्हणून लावून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. भरतीची माहिती संचालनालयाच्या संकेतस्थळावरच पाहा, आणि मुलाला एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तिथल्या निदेशकांशी बोलू द्या.