ओटीवर दोन फोन होते

प्रश्न : शिमग्याला दादा ठाण्याहून आला होता. पालखी पुढच्या वाडीत गेल्यावर आम्ही ओटीवर बोलत बसलो. यंदा त्याच्या ऑफिसातल्या चार-पाच जणांना आंब्याच्या पेट्या हव्यात, त्या कुणाकडून घ्यायच्या, असा विषय निघाला. तेव्हा कुणीही मोबाइल हातात घेतला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर दादाने फेसबुक उघडलं, तर पहिलीच जाहिरात ‘अस्सल रत्नागिरी हापूस, ठाण्यात घरपोच’. माझाही फोन तिथेच बाजूला पडलेला होता, पण माझ्याकडे असलं काही आलं नाही. फोन खरंच आपलं बोलणं ऐकतो का? आणि ती जाहिरात खरी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फोन तिथेच होता, पण माझ्याकडे काही आलं नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ऐकून जाहिराती येत असत्या, तर दोन्ही फोनांवर यायला हव्या होत्या. विषय दोघांनी काढला, आवाज दोघांचे, ओटी एकच. तरी जाहिरात गेली ठाण्याच्या फोनवर. मी इथल्या बागायतदारांच्या, हॉटेलवाल्यांच्या जाहिराती ऑनलाइन चालवतो, त्यामुळे ही जाहिरात लावणाऱ्याने काय काय केलं असेल ते मला बऱ्यापैकी दिसतं. तेच सांगतो.

आंब्याची जाहिरात लावताना जागेच्या रकान्यात मी रत्नागिरी कधीच घालत नाही. इथे ज्याच्या दारात कलम नाही त्याच्या मामाकडे असतं, नाहीतर शेजारी आणून देतात. इथल्या माणसाला पेटीची जाहिरात दाखवली तर बागायतदाराचे पैसे फुकट गेले. म्हणून यादीत ठाणे, डोंबिवली, बोरिवली, पुण्यात कोथरूड अशी चाकरमान्यांची ठिकाणं. नकाशावर टाचणी लावायची, तिच्याभोवती किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, वय ३० ते ६०, भाषा मराठी. या वर्तुळात कोणाला धरायचं, हे फेसबुकने ठरवलेलं आहे : तिथे राहणारे किंवा नुकतेच तिथे असलेले. दादा एक-दोन दिवसांपूर्वीच गाडीतून उतरला असेल, तर जाहिरातीच्या हिशेबात तो अजून ठाणेकर आहे. तुम्ही रत्नागिरीकर. एका ओटीवर बसून तुम्ही दोघं दोन वेगळ्या बाजारांत होतात.

पण ठाण्यात लाखो माणसं आहेत, त्यातून दादाच का? इथे तुम्हाला एका वहीबद्दल सांगायला हवं.

पावसजवळच्या एका बागायतदारांकडे मी पहिल्यांदा कामाला गेलो, तेव्हा त्यांनी आतून दोनशे पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्याला आंब्याच्या चिकाचा काळा डाग. प्रत्येक पानावर नाव, पत्ता, मोबाइल, किती डझन, आणि पैसे आले असतील तर समोर बरोबरची खूण. कुठे कुठे पेन्सिलीने शेरेही होते. ‘दोन फळांत साका निघाला, पुढच्या पेटीत भरून दिली.’ ‘यांना अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीच हवी.’ ‘आजी वारल्या, यंदा फोन करू नये.’ या वहीतले नंबर आम्ही दोन संध्याकाळी बसून संगणकात उतरवले आणि फेसबुकला दिले. नंबर जसेच्या तसे जात नाहीत, आधी त्यांचं सांकेतिक अक्षरांत रूपांतर होतं. फेसबुक ती अक्षरं आपल्याकडच्या खात्यांशी ताडून पाहतं आणि जुळलेल्यांना जाहिरात दाखवतं. मला समोर फक्त अंदाजे आकडा दिसतो. नाव नाही, फोटो नाही. तुमचा दादा त्यात आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

म्हणजे दादाने मागे कधी कुणाकडून पेटी मागवली असेल आणि पत्त्याबरोबर नंबर दिला असेल, तर तो अशा एखाद्या वहीत असणार.

नसेल तरी सुटका नाही. वहीतल्या लोकांशी सवयींनी मिळतीजुळती असलेली आणखी माणसं शोधून दे, असं मी फेसबुकला सांगू शकतो. एका देशातली किमान १०० खाती जुळली की ही सोय मिळते. मग ते देशभरातल्या वापरणाऱ्यांमधून सर्वांत जवळचे एक टक्का लोक वेगळे काढतं. नेमकं कशावरून काढलं, ते मला सांगत नाही. पण ठाण्यात राहणारा, कोकणातली पेजेस पाहणारा, दर शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणारा, ज्याच्या मित्रमंडळींत पेट्या घेणारे आहेत असा माणूस निवडायला ओटीवरचं बोलणं ऐकायची गरज पडत नाही.

तिसरी वाट मी स्वतः दर हंगामात वापरतो. मार्चच्या सुरुवातीला एक साधं रील टाकायचं. अढीतला पेंढा बाजूला करतायत, खालून पिवळं होत आलेलं फळ निघतंय, हाताने पुसून देठ दाखवतायत. त्यात किंमत नाही, फोन नंबर नाही. लोक पाहतात, पुढे जातात. पण कोणी तीन सेकंद पाहिलं, कोणी पंधरा, कोणी पाऊण रील पाहिलं याची नोंद होते आणि पाऊण पाहणाऱ्यांचा वेगळा गट मला बनवता येतो. दोन दिवसांनी दराची जाहिरात फक्त त्या गटाला. त्या माणसाने लाइक केलेलं नसतं, काही लिहिलेलं नसतं, शोधलेलंही नसतं. त्याचा अंगठा तेवढा थांबलेला असतो. दादाचा अंगठा गाडीत कंटाळून बसलेला असताना एखाद्या आंब्यावर थांबला नव्हता, असं कोण सांगेल? त्यालाही आठवणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट. शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ठाण्या-मुंबईतल्या मराठी माणसाच्या फोनवर आंब्याच्या जाहिरातींचा मोहोर फुटलेला असतो. ती जाहिरात आदल्या दिवशीही आली असेल आणि दादाने बघून न बघितल्यासारखी वर सरकवली असेल. ओटीवर विषय निघाल्यानंतर ती डोळ्यांत भरली. ज्या दिवशी बोललो आणि जाहिरात आली नाही, तो दिवस आपण कुणाला सांगत बसत नाही.

आता मायक्रोफोनचं. तुमची शंका अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट सांगतो. जाहिरातीसाठी आपण मायक्रोफोन वापरत नाही, असं फेसबुकने २०१६ साली जाहीर केलं आणि २०१८ साली मार्क झुकेरबर्ग यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर तेच सांगितलं. कंपनीच्या शब्दावर विसंबायला नको, तर त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप बोलणं रेकॉर्ड करून बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनवर आपण काय करतो त्याचं चित्रीकरण मात्र दुसऱ्या कंपन्यांना पाठवत होती, आणि मला विचाराल तर त्याची धास्ती जास्त वाटायला हवी. दुसऱ्या बाजूने, कॉक्स मीडिया ग्रुप या अमेरिकन कंपनीने आपण फोनवरचं बोलणं ऐकून जाहिराती दाखवू शकतो, असा दावा ग्राहक मिळवण्यासाठी केल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं. पुढे गूगलने त्या कंपनीला आपल्या भागीदारांच्या यादीतून वगळलं. तो दावा प्रत्यक्षात चालवल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, पण असं विकायचा मोह आमच्या धंद्यात आहे, हे मी नाकारणार नाही.

खात्री तुम्हाला घरीच करता येते. आयफोनवर मायक्रोफोन चालू झाला की वरच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसतो, अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून हिरवा. फेसबुक उघडं असताना तो ठिपका विनाकारण दिसला, तर सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची मायक्रोफोनची परवानगी काढून टाका. आंब्याच्या जाहिराती तरीही येत राहतील.

ऐकणं सिद्ध झालेलं नाही, यावर मला समाधान मात्र मानता येत नाही. वहीतल्या आजींच्या घरच्यांनी नंबर दिला होता तो पेटी पोहोचावी म्हणून. जाहिरातीच्या यंत्रात घालायला दिला नव्हता. पहिल्या वर्षी मी हा विचारच केला नाही. नंबर होते, भरले. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा केला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माणसाची माहिती त्याच्या संमतीने आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हा त्या कायद्याचा गाभा. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला मी सांगतो, पेटी बांधताना एक ओळ विचारा : पुढच्या हंगामात आमची जाहिरात तुम्हाला पाठवली तर चालेल का? बहुतेक गिऱ्हाइकं ‘पाठवा की’ म्हणतात. नाही म्हणणाऱ्याचं नाव यादीत जात नाही. यादी थोडी आखूड होते, होऊ दे. जुनं गिऱ्हाईक हीच इथल्या बागायतदाराची कमाई आहे, आणि ते विश्वासावर टिकलेलं असतं.

तुमचा दुसरा प्रश्न, जाहिरात खरी की खोटी. इथे रत्नागिरीकर म्हणून माझा जीव तुटतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावता येतं, आणि मानांकनाचा शिक्का वापरायचा तर बागायतदाराने स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते. खोटं मानांकन लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. तरी कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाच्या खोक्यात भरून विकला जातो. पूर्वी हे बाजारात गाळ्यावर चालायचं आणि निदान फळ हातात घेऊन, वास घेऊन बघता यायचं. फोनवर वास येत नाही. फोटो आमच्याच एखाद्या बागेतला उचललेला असतो.

म्हणून दादाला एवढं करायला सांगा. जाहिरातीवरून त्या पेजवर जायचं आणि पेजच्या पारदर्शकतेची माहिती उघडायची. पेज कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे लिहिलेलं असतं. मोबाइलची कव्हरं विकणारं पेज मार्चमध्ये नाव बदलून आंब्याचं झालेलं मी पाहिलं आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, तिथे त्या पेजच्या सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात. एकाच पेजवर हापूस, साड्या आणि गुडघेदुखीचं तेल असेल तर काय ते कळलंच. मग विक्रेत्याला फोन करून मानांकनाचा नोंदणी क्रमांक आणि बागेचं गाव विचारायचं. खरा बागायतदार गाव सांगून थांबत नाही. कलमं किती, यंदा तुडतुड्याने मोहोराचं किती नुकसान केलं, पहिली तोड कधी, सगळं सांगत बसतो. त्याला बोलायला आवडतं. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा आणि फक्त मेसेजवरच उत्तर देणारा असेल तर तिथेच थांबायचं. पैसे जाऊन पेटी आली नाही तर लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करायची. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीवर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

दादाकडे ती जाहिरात का आली, याचं नेमकं उत्तर माझ्यापेक्षा त्याच्या फोनवरच मिळेल. जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबली की ‘मला ही जाहिरात का दिसते’ असा पर्याय येतो. जागा, वय, की विक्रेत्याने दिलेली यादी, त्यातलं काय लागू पडलं ते तिथे निघतं. तो अजून गावीच असेल तर आज रात्री दोघांनी बसून बघा. यादीचा उल्लेख निघाला, तर गेल्या वर्षीची पेटी कुणाकडून आली होती, ते वहिनींना फोन करून विचारा.