स्वयंपाकघरातील ‘ळ’



२०२४ च्या नोव्हेंबरात दूषित हवेमुळे दिल्लीबरोबर गाझियाबादच्याही शाळांचे वर्ग बंद ठेवावे लागले. मुलांना अंगणात सोडणेही धोक्याचे झाले. कडाक्याच्या थंडीतही येथे अशी सुट्टी मिळते. तीन-चार वर्षांच्या बालकाला अशा वेळी घरात कशात गुंतवावे, असा प्रश्न येथील मराठी पालकांना पडतो. मोबाईल हाती देणे सोपे. परंतु त्याहून चांगले उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य केले. माँटेसरी पद्धतीची विकतची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे व माती यांतूनच त्यांनी साधने घडविली. त्यांची संस्था ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’. (मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. गाझियाबादच्या मराठी मुलाला दोन्ही अर्थ ठाऊक असलेले बरे!)

आपणही एका ताटात राजमा, छोले आणि चवळी एकत्र करून तीन वाट्यांसह मुलापुढे ठेवा. मूल चिमटीने दाणे निवडील. पुढे पेन्सिल धरणारी हीच बोटे आहेत. चुकले तर सांगू नका. छोल्यांत पडलेला राजमा त्याला स्वतःलाच दिसतो. तीन वर्षांखालील मुले दाणे तोंडात, नाकात घालतात. त्यांना बटाटे व कांदेच वेगळे करू द्या. मोठ्या मुलांजवळही आपण बसलेच पाहिजे.

आणि बसल्यावर बोलावे, तेही मराठीत. सोलणे, मळणे, चाळणे, पाखडणे ही क्रियापदे हाताने काम करताना कानी पडली की रुजतात. शाळेच्या हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नाही. तेथे दाल, चावल, गुड़, नारियल, केला. घरी मात्र डाळ, तांदूळ, गूळ, नारळ, केळे. सारे स्वयंपाकघरच ‘ळ’ने भरलेले आहे! मळलेल्या कणकेची लांब वळी करून तिची दोन वेटोळी जोडून ‘ळ’ घडवा, मुलाला त्यावरून बोट फिरवू द्या आणि जीभ टाळूकडे वळवून उच्चार करून दाखवा. मग घरात ‘ळ’ असलेल्या वस्तू शोधायला पाठवा. चाळणी सापडली तर दुहेरी लाभ, कारण तिच्यातील ‘च’ही हिंदी ‘च’हून निराळा आहे.

भाषांतराच्या कामात मला याचे महत्त्व वारंवार जाणवते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या उपदेशात सूप आणि खळे येतात. ‘सूप’ म्हटल्यावर ज्याला टोमॅटोचे सूपच आठवते, त्या मुलाला तो उपदेश कसा उमजावा? म्हणून एकदा तरी सुपात मूठभर शेंगदाणे भाजून, चोळून, मुलासमोर पाखडा. टरफले उडतात, दाणे राहतात. सूप नसेल तर ताटही चालते.

हिवाळ्यात येथे मटार मुबलक येतो. प्रत्येक शेंगेत किती दाणे निघाले, तितक्या रेघा मुलाला पाटीवर ओढू द्या. सर्वांत जास्त दाण्यांची शेंग कोणाची, ही चढाओढ भावंडांत चांगली रंगते.

पसारा होईल, खाली जुनी चादर अंथरा. पंधरा मिनिटांत कंटाळा आला तर मुलाला उठू द्यावे. चादरीची चार टोके धरून सांडलेले दाणे मध्यभागी गोळा करणे, हाही त्याच्या आवडीचाच खेळ असतो.