घोरणे, श्वासरोध आणि त्यावरील उपाय

जो मोठ्याने घोरतो त्यास झोप गाढ लागते, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे. परंतु घोरता घोरता आवाज अकस्मात थांबत असेल, काही क्षण श्वास ऐकू येत नसेल आणि मग घुसमटल्यासारखा होऊन तो पुन्हा सुरू होत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. बहुधा ती व्याधी होय. तिला डॉक्टर ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. आपण तिला निद्राश्वासरोध म्हणू.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व मऊ टाळू मागे सरतात आणि श्वासाची वाट बुजते. रक्तातील प्राणवायू उतरतो, तेव्हा मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पूर्ववत करतो. एका रात्रीत असे शेकडो वेळा घडू शकते. सकाळी रोग्यास मात्र त्यातले काहीच आठवत नाही. म्हणून या रोगाची पहिली साक्षीदार घरधनीण असते. तिचे सांगणे थट्टेवारी नेऊ नये. सकाळी डोके जड होणे, दिवसा गादीवर बसल्या बसल्या पेंग येणे, हिशेबात चित्त न लागणे ही याची लक्षणे आहेत. उच्च रक्तदाबाशीही याचा निकट संबंध आहे. रात्री मालाचा ट्रक चालविणारास हा रोग असेल, तर संकट त्याच्या एकट्याचे राहत नाही.

नमुना पाहिल्यावाचून भाव बोलू नये, हा आपल्या धंद्याचा नियम येथेही लागू आहे. आधी एक रात्र झोपेची तपासणी करावी. ती रुग्णालयात होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत घरीही करता येते. निदान दहा सेकंद श्वास थांबणे किंवा पुरेसा मंदावणे असे प्रसंग दर तासास किती झाले, हे तीत मोजतात. ५ ते १५ प्रसंग असल्यास रोग सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र मानतात. उपाय या मापावर ठरतो.

पहिला उपाय आपल्या स्वाधीन आहे. स्थूल माणसाने वजन उतरविले तर रोग उतरतो. कुशीवर निजावे. मद्य घशाचे स्नायू अधिक सैल करते, म्हणून ते वर्ज्य करावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

दुसरा व मुख्य उपाय ‘सीपॅप’ यंत्राचा. पूर्वी तीव्र रोग्याच्या गळ्यास छिद्र पाडून श्वासास वाट करून देत असत. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तेच हे यंत्र. मध्यम व तीव्र रोगावर आजही प्रथम याचीच योजना होते.

तिसरा उपाय दंतवैद्याने मापाने करून दिलेल्या साच्याचा. तो रात्री दातांवर बसविला म्हणजे खालचा जबडा पुढे राहतो. सौम्य व मध्यम रोगात, किंवा यंत्र सोसत नसल्यास, तो उपयोगी पडतो.

चौथा उपाय शस्त्रक्रियेचा. लहान मुलांत टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड काढल्याने पुष्कळदा गुण येतो. प्रौढांत निवड पारखून करावी लागते. जिभेच्या मज्जातंतूस चेतना देणाऱ्या, छातीत बसवावयाच्या यंत्रास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथेच टिर्झेपटाइड हे टोचून घ्यावयाचे औषध मध्यम व तीव्र रोग असलेल्या स्थूल प्रौढांसाठी मान्य झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नये.

उपाय असा पुष्कळ आहे. खरी अडचण तो नित्य चालविण्याची. आमच्या परिचयाच्या एका अडतदारांनी यंत्र आणले आणि नाक कोरडे पडते, मुखवटा रुततो म्हणून चौथ्या रात्री कपाटात ठेवले. पुढे चिरंजीवांच्या आग्रहाने ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले. मुखवट्याचे माप बदलले, हवेस ओलावा देणारे भांडे जोडले, आणि महिन्याभरात दुपारची पेंग गेली. यंत्र रोग समूळ काढीत नाही. वापरले त्या रात्रीपुरता तो आवरून धरते. हृदयरोग असलेल्या अडीच हजारांहून अधिक रोग्यांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात यंत्राने हृदयविकाराचे झटके कमी झालेले आढळले नाहीत. मात्र दिवसाची पेंग कमी झाली. त्या रोग्यांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

यंत्र महाग आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी भाड्याने मिळत असल्यास काही दिवस वापरून पाहावे, मुखवटा बसवून घ्यावा आणि मगच मोल द्यावे. आमची व्यापारी बंधूंस एवढीच विनंती की, दुकानातील काटा आपण वेळोवेळी तपासून घेतो, तशी आपली झोपही एकदा तपासून घ्यावी. आणि आपल्या मालाच्या गाड्या रात्री चालविणाऱ्यांपैकी कोणी असा घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर त्यासही आपल्या खर्चाने तपासणीस पाठवावे.