न बोलणारे मूल : प्रतीक्षा नको, तपासणी हवी

पहिले पाऊल टाकणे आणि पहिला शब्द उच्चारणे या बालकाच्या वाढीतील दोन घटना घराघरांत कौतुकाने पाहिल्या जातात. पाऊल उशिरा पडले तर आईवडील काळजीत पडतात व दवाखान्याची वाट धरतात. शब्द उशिरा आला तर मात्र बहुधा वाट पाहिली जाते. 'याचे वडीलही उशिराच बोलू लागले', 'मुलगे उशिराच बोलतात', 'जीभ जड आहे, सुटेल हळूहळू' अशी समजूत वडीलधारी मंडळी घालतात. कोठे जिभेवर वेखंड उगाळून लावतात, कोठे देवळातील घंटेत घातलेले पाणी पाजतात. यामागील माया खरी असते. परंतु या प्रतीक्षेत मुलाचे एक वर्ष जाते, कधी दोन जातात, आणि भाषा शिकण्याच्या दृष्टीने हीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

वाणीचे टप्पे

सर्व मुले एकाच दिवशी बोलू लागत नाहीत, हे खरे. तथापि त्यासही मर्यादा आहे. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास मूल 'बा-बा', 'मा-मा' अशी अक्षरे घोळवू लागते. वर्षाच्या आसपास ते आपल्या नावाला ओ देते, हव्या त्या वस्तूकडे बोट दाखविते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दोन वर्षांचे मूल 'आई पाणी', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांचे मूल लहान वाक्ये बोलते, प्रश्न विचारते आणि परक्या माणसालाही त्याचे बोलणे बहुतांशी कळते. या वयात 'र'च्या जागी 'ल' येणे किंवा थोडे बोबडे बोलणे ही काळजीची बाब नव्हे.

दीड वर्षापर्यंत एकही शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे, हाक मारली असता वळून न पाहणे, बोटाने काही न दाखविणे, या गोष्टी मात्र तपासणीस पुरेशा आहेत. येत असलेले बोलणे कोणत्याही वयात थांबले, तर मुळीच विलंब करू नये.

कारण एक नव्हे, अनेक

मूल बोलत नाही ही केवळ बाहेर दिसणारी खूण होय. तिच्यामागील कारणे निरनिराळी असतात आणि कारणानुसार उपायही बदलतो. सर्वप्रथम विचार करावयाचा तो कानांचा. मूल भाषा ऐकून शिकते. जे ऐकू येत नाही ते तोंडून कसे येणार? येथे एक गैरसमज फार रूढ आहे. मुलाच्या पाठीमागे थाळी वाजवावी, ते वळले की कान ठीक आहेत, असे मानले जाते. परंतु थाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलासही बोलण्यातील 'स', 'फ' यांसारखे हलके ध्वनी ऐकू येत नसतील. शिवाय पडद्यामागे पाणी साचल्यास मुलाला काही दिवस कमी ऐकू येते, काही दिवस बरे येते, आणि घरातील माणसे त्याला 'ऐकून न ऐकल्यासारखे करणारा' ठरवून मोकळी होतात.

काही मुलांचा एकूण बौद्धिक विकास मंद असतो. काहींना इतरांशी नजर मिळविणे, खेळात सामील होणे कठीण जाते. अशा मुलांच्या बाबतीत स्वमग्नतेचा विचार करावा लागतो. काही मुलांस सर्व समजते, परंतु बोलणेच तेवढे मागे राहते. काहींच्या वाट्याला घरात संवादच कमी येतो. काम आवरेपर्यंत हातात भ्रमणध्वनी देऊन मुलाला शांत बसविले जाते. जिभेखालचा पडदा आखूड असल्याने मूल बोलत नाही असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः शब्दच न येण्याचे ते कारण क्वचितच असते.

घरची भाषा, अंगणवाडीची भाषा

मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारच्या डोंगरातील भिली किंवा पावरी बोलणारे मूल, गडचिरोलीतील माडिया मूल अंगणवाडीत मराठी ऐकून गप्प बसते. ऊसतोडीच्या फडावर सहा महिने काढून आलेले मूलही नव्या जागी बुजते. हे मौन म्हणजे दोष नव्हे. म्हणून सेविकेने वा शिक्षकाने आईला पहिला प्रश्न विचारावा तो असा : घरी, घरच्या भाषेत, मूल बोलते काय? घरी मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलास थोडा सराव व जिव्हाळा पुरतो. घरच्या भाषेतही बोलत नसेल, तर मात्र 'भाषा वेगळी आहे' या कारणाखाली त्याची तपासणी लांबणीवर टाकू नये. तज्ज्ञांपुढे नेताना घरची बोली जाणणारे माणूस बरोबर असावे.

मूल्यमापन म्हणजे काय

मूल्यमापन हे एका सुईचे वा एका औषधाचे काम नव्हे. बालरोगतज्ज्ञ जन्माच्या वेळची हकीकत विचारतात : मूल लगेच रडले काय, वजन किती होते, कावीळ वाढली होती काय, पुढे मेंदूज्वर झाला होता काय. वाक् व श्रवणतज्ज्ञ श्रवणशक्ती मोजतात, मुलाला किती समजते आणि ते किती बोलते हे निरनिराळे पाहतात. मानसशास्त्रज्ञ खेळ, ठोकळे व चित्रे यांच्या साहाय्याने विकासाचा अंदाज घेतात. या कामाच्या चाचण्या भारतीय मुलांना अनुरूप करण्यात आल्या आहेत. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी शिशुविकासाचे मोजमाप भारतीय बालकांवरून ठरविले, तर मुलाच्या सामाजिक परिपक्वतेच्या एका विदेशी चाचणीचे भारतीय रूप डॉ. मालिन यांनी नागपुरात सिद्ध केले.

जाताना पालकांनी माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळची कागदपत्रे आणि मूल जे शब्द बोलते त्यांची यादी बरोबर न्यावी. मूल्यमापन म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही त्यांना समजावून सांगावे. 'मुलावर शिक्का बसेल' या भीतीने पुष्कळ घरे मागे राहतात. खरे पाहता तपासणी न झालेल्या मुलावरच 'मुका', 'मठ्ठ' असा शिक्का गाव मारत असते, आणि तो पुसणे अधिक कठीण असते.

व्यवस्था कोठे आहे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाडी उभी राहिली. मूल रोज दिसते असे हे पहिले ठिकाण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. या कार्यक्रमाचे फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट देते. जन्मजात दोष, आजार व पोषणातील कमतरता यांच्या बरोबरीने विकासातील विलंब पाहणे हे पथकाचे काम आहे. संशयित मुलास पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते; तेथे या सर्व तज्ज्ञांनी मिळून मुलास पाहावे अशी योजना आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या विषयांस वाहिलेली आहे.

चिठ्ठी आणि मूल यांतील अंतर

तरीही अडते कोठे? साडेतीन वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पथकाने त्यास तपासले, नोंद केली, संदर्भ चिठ्ठी दिली. जिल्ह्याचे ठिकाण दोन एस.टी. बदलून गाठावयाचे आहे. आईवडील दोघेही रोजंदारीवर आहेत. एक दिवसाची मजुरी सोडून ते गेले. झोपेत करावयाच्या श्रवणचाचणीसाठी मूल झोपलेले असणे आवश्यक होते; ते झोपले नाही. पुन्हा येण्यास सांगण्यात आले. दुसरी मजुरी सोडणे जमले नाही. चिठ्ठी घरातील पत्र्याच्या डब्यात राहिली, कागदोपत्री मुलगा 'संदर्भित' झाला, आणि सहाव्या वर्षी तो पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसला.

या कथेत कोणाचाही दुष्टावा नाही, कोणीही काम टाळलेले नाही. उणीव एवढीच, की चिठ्ठी दिल्यानंतर मूल पोहोचले काय, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. यास मोठ्या खर्चाची नव्हे, नोंदीची गरज आहे. अंगणवाडी सेविकेने आपल्या वहीत चार रकाने ठेवावेत : चिठ्ठीची तारीख, पहिल्या भेटीची तारीख, पुढील भेटीची तारीख, परिणाम. पर्यवेक्षिकेने मासिक बैठकीत रिकामा रकाना पाहून विचारणा करावी. श्रवणचाचणीच्या आदल्या रात्री मुलास उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवावे आणि प्रवासात झोपू देऊ नये, एवढी सूचना वेळीच मिळाली, तरी पुष्कळ फेऱ्या वाचतात. आशा कार्यकर्तीने एका घराऐवजी तीन-चार घरांना एकाच दिवशी नेल्यास आईला सोबत मिळते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने अशा मुलांचा विषय दर महिन्याच्या चर्चेत ठेवावा आणि गरीब कुटुंबाच्या प्रवासाची सोय पाहावी. पहिलीच्या शिक्षकाने, मूल दाखल होण्यापूर्वीच, त्याविषयी सेविकेस विचारून घ्यावे.

तपासणीनंतरचे काम घरातच होते. तज्ज्ञांनी दिलेला सराव भाकरी थापताना, अंघोळ घालताना, शेतावर जाताना करावयाचा असतो. श्रवणयंत्र मिळाले तर ते डब्यात न ठेवता दिवसभर कानावर राहिले पाहिजे आणि त्यातील घटसंच वेळेवर बदलला पाहिजे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणी व्हावी, कारण वाढते मूल बदलत असते आणि पहिला निष्कर्षही बदलू शकतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात दाखवून दिले, की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणापर्यंत गेले पाहिजे. तपासणीच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. न बोलणारे मूल आपली अडचण स्वतः सांगू शकत नाही; त्याच्या वतीने विचारणारे एक माणूस गावात असले पाहिजे. ते माणूस सेविका असेल, शिक्षक असेल किंवा पंचायतीचा सदस्य असेल. त्याने एवढेच विचारावयाचे आहे : चिठ्ठी मिळाली, पण मूल पोहोचले काय?