दारातले दार

जुन्या वाड्याचे महाद्वार तुम्ही पाहिलेच असेल. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा केवढा भव्य! त्यावर हत्तीलाही मागे सारतील असे अणकुचीदार खिळे आहेत. आणि त्याच दरवाजात एका माणसाने वाकून जावे एवढा एक लहान दरवाजा आहे. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. एका माणसासाठी एवढे अवजड महाद्वार उघडण्याचे कारण नाही, म्हणून ही सोय.

इंग्लंडात पुष्कळ घरांत याहूनही लहान दिंडी आढळते. ती वीतभरही रुंद नसते. तिला वरच्या बाजूस टांगलेली एक झडप असते, आणि तिच्यातून माणूस नव्हे, तर घरातले मांजर ये-जा करते. एवढीशी ही वस्तू. पण ती नीट बसवायची तर बराच विचार करावा लागतो. तो विचार कोणता, हे या पाठात पाहावयाचे आहे.

आपल्याकडे मांजरासाठी निराळे दार करण्याची गरज फारशी पडली नाही. दिवसा घराची दारे उघडीच असतात. ती लावलेली असली तरी खिडकीच्या गजांमधून किंवा कौलांखालच्या फटीतून मांजर आपली वाट शोधते. थंड देशात असे चालत नाही. तेथे हिवाळ्यात दार क्षणभर उघडे राहिले तरी घरातली ऊब निघून जाते. म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. परंतु मांजराचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलत नाही. ते आत असले की त्याला बाहेर जावेसे वाटते, आणि बाहेर गेले की थोड्याच वेळात आत यावेसे वाटते. मध्यरात्री ते दारावर नख्यांनी ओरखडू लागले, तर घरच्यांची झोपमोड होते; आणि कोणी उठलेच नाही, तर त्या बिचाऱ्याला थंडीपावसात कुडकुडत बसावे लागते. या दोन्ही अडचणींवर दारातले हे दार हा उपाय होय.

हा उपाय काही आजचा नव्हे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात एक नोकर बंद खोलीच्या आत डोकावून पाहतो, तो दाराच्या तळाशी असलेल्या एका भोकातून. घरचे मांजर त्या भोकातून नेहमी ये-जा करीत असे, असे कवीने म्हटले आहे. त्या काळी हे भोक म्हणजे फळीला पाडलेला केवळ एक झरोका असे. त्याला झडप नसे. धान्य आणि खाण्याचे जिन्नस ज्या खोलीत साठवीत, तेथे उंदरांचा बंदोबस्त करणारे मांजर केव्हाही जाऊ शकले पाहिजे, हा त्यामागचा हेतू असे.

एक्झेटर या शहरातील मोठ्या चर्चमध्ये याचे सुंदर उदाहरण आजही पाहावयास मिळते. या चर्चच्या जुन्या हिशेबांत १३०५ पासून १४६७ पर्यंत मांजराच्या नावे पैसे खर्ची टाकलेले आहेत. ही रक्कम तीन महिन्यांना तेरा पेनी, म्हणजे आठवड्याला एक पेनी अशी असे. मांजराने उंदीर मारावेत आणि त्याबद्दल त्याच्या खाण्यापिण्याची सोय व्हावी, असा हा सरळ व्यवहार होता. चर्चमध्ये एक प्राचीन घड्याळ आहे. त्याच्या दोरांना चरबी लावीत व तिच्या वासाने उंदीर तेथे गोळा होत, असे सांगतात. पुढे १५९८ साली विल्यम कॉटन हे तेथील बिशप झाले. त्यांच्या कारकिर्दीत घड्याळाच्या खाली असलेल्या दाराला मांजरासाठी एक गोल भोक पाडण्यात आले. त्या कामाबद्दल सुतारांना आठ पेनी मजुरी दिल्याची नोंद आहे. ते दार आणि ते भोक अजून तेथे आहे.

मांजराच्या दाराचा विषय निघाला, की एक गोष्ट हटकून सांगितली जाते. थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन यांनी मांजरासाठी दाराला एक मोठे भोक पाडले आणि तिच्या पिल्लांसाठी शेजारी एक लहान भोक पाडले. मोठ्या भोकातून पिल्लेही जातील, हे त्या महापंडिताच्या ध्यानात आले नाही! गोष्ट ऐकून हसू येते. परंतु ती खरी आहे काय? न्यूटन १७२७ साली वारले. केंब्रिज येथील त्यांच्या खोलीच्या दाराला अशी दोन बुजवलेली भोके आहेत, असे एका लेखकाने लिहिले ते १८२७ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. याउलट, न्यूटन यांच्याजवळ सुमारे पाच वर्षे लेखनिक म्हणून राहिलेल्या हम्फ्री न्यूटन याने स्पष्ट लिहून ठेवले आहे, की ते आपल्या खोलीत कुत्रे किंवा मांजर पाळीत नसत. शिवाय, अशी भोके पाडण्याची रीत चॉसरच्या काळापासून चालत आलेली. तेव्हा तिचा शोध न्यूटन यांनी लावला असे म्हणण्यासही आधार नाही. गोष्ट मजेची असली, तरी ती सांगणारा कोण आणि तो घटनेच्या किती जवळ होता, हे पाहिल्यावाचून ती खरी मानू नये.

आता दार बसवण्याच्या कामाकडे वळू. त्यासाठी प्रथम मांजराचे शरीर समजून घेतले पाहिजे. माणसाच्या गळ्याखालची हाडे खांद्यांना पक्की जोडलेली असतात. म्हणून आपले खांदे आक्रसत नाहीत. मांजराची ही हाडे अगदी लहान असतात. ती खांद्याला जोडलेली नसून स्नायूंमध्ये सैल असतात. त्यामुळे जेथून मांजराचे डोके जाते, तेथून त्याचे अंगही बहुधा जाते. त्याच्या मिशा अत्यंत संवेदनाक्षम असतात. जवळच्या वस्तूचा अंदाज ते मिशांच्या स्पर्शाने घेते. एवढी लवचीकता निसर्गाने दिली आहे, म्हणून त्याला रोज अंग चोरून जावयास लावणे मात्र योग्य नव्हे. लठ्ठ किंवा म्हाताऱ्या मांजराला तर ते जमतही नाही.

म्हणून दोन मापे घ्यावी लागतात. मांजर सहज उभे असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची, हे पहिले माप. त्याच्या अंगाचा जो भाग सर्वांत रुंद असेल त्याची रुंदी, हे दुसरे. झडपेची खालची कड पोटाच्या उंचीला यावी. ती फार वर असली तर मांजराला उडी मारावी लागते. फार खाली असली तर वाकून सरपटावे लागते. मोठ्या मांजरासाठी सुमारे पंधरा सेंटिमीटर रुंदीची वाट पुष्कळदा पुरते. पण दुसऱ्याच्या मांजराचे माप आपल्या मांजराला लागू पडेलच असे नाही. उंबऱ्याबाहेरची जमीन खोल असेल, तर तेथे एखादी पायरी किंवा लाकडी ठोकळा ठेवावा. कारण मांजराला आत येतानाही तीच वाट चढावयाची असते.

मापे ठरल्यावर पुठ्ठ्याचा नमुना कापून तो दारावर धरतात आणि पेन्सिलीने आखून घेतात. आखणी आडवी-उभी सरळ आहे की नाही, हे पाणसळ लावून पाहतात. मग चारही कोपऱ्यांत गिरमिटाने भोके पाडून अरुंद पात्याच्या करवतीने रेघेवरून लाकूड कापतात. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करतात व त्यांना रंग लावतात. नाही तर पावसाचे पाणी लाकडात मुरून दार फुगते. शेवटी आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन चौकटी बसवून त्या स्क्रूंनी एकमेकींना आवळतात. झडप या चौकटीत टांगलेली असते. ती दोन्ही बाजूंना झुलते आणि मांजर गेले की आपोआप मिटते. तिच्या खालच्या कडेला बहुधा एक लहान लोहचुंबक असते. त्यामुळे ती वाऱ्याने फडफडत नाही. कापण्याचे हे काम सुताराचे किंवा घरातील जाणत्या माणसाचे होय. मापे घेणे, नमुना करणे आणि आखणी तपासणे ही कामे मात्र मुलांनाही उत्तम करता येतात. ती कमी महत्त्वाची नाहीत. कारण चुकलेली रेघ पुसता येते, पण एकदा कापलेले दार पुन्हा जोडता येत नाही.

वाटेल त्या दाराला करवत लावणेही बरे नव्हे. काही इमारतींत आग पसरू नये म्हणून खास दारे बसवलेली असतात. त्यांना भोक पाडले तर ती निरुपयोगी होतात आणि माणसांचे जीव धोक्यात येतात. उष्णतेने कठीण केलेली काच नंतर कापता येत नाही; ती कापू गेल्यास तिचे तुकडे तुकडे होतात. अशा वेळी भोक असलेली नवी काचच करून घ्यावी लागते. घर भाड्याचे असेल, तर मालकाची परवानगी घेतली पाहिजे. झडप कडी-कुलपापासून दूर असावी. नाही तर चोराने तीतून हात घालून दार उघडण्याची भीती असते.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. जी वाट आपल्या मांजराला मोकळी, ती शेजारच्या मांजरालाही मोकळी! परके मांजर आत शिरून ताटलीतले अन्न खाते, कोपऱ्याकोपऱ्यात आपला वास मागे ठेवते, आणि घरचे मांजर आपल्याच घरात भेदरून राहते. यावर प्रथम चुंबकाची युक्ती निघाली. मांजराच्या गळपट्ट्याला चुंबक बांधावयाचे आणि त्याच्या ओढीने झडपेची खिट्टी सरकावयाची. परंतु गळपट्टा हरवतो, आणि तसाच चुंबक असलेल्या दुसऱ्या मांजरालाही वाट मिळते. आता मांजराच्या दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी पशुवैद्य सुईने बसवतात. तिला मायक्रोचिप म्हणतात. तिच्यात घड्याळासारखी बॅटरी नसते. मांजर झडपेजवळ आले, की झडपेतील यंत्रापासून निघणाऱ्या रेडिओलहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक कळवते. क्रमांक ओळखीचा असला तरच खिट्टी सुटते. हरवलेले मांजर मालकाला परत मिळावे, म्हणून इंग्लंडात १० जून २०२४ पासून प्रत्येक पाळीव मांजराला वीस आठवड्यांचे होण्यापूर्वी अशी चिप बसवणे कायद्याने आवश्यक झाले आहे.

एवढे सारे झाले, तरी काम अर्धेच झाले असे समजावे. मांजराला नव्या दाराचा अर्थ ठाऊक नसतो. झडपेच्या टकटकीला ते भिते. अशा वेळी त्याला धरून भोकातून ढकलणे, हा सर्वांत वाईट मार्ग होय. एकदा का त्याच्या मनात धास्ती बसली, की ते त्या दाराकडे फिरकत नाही. सुरुवातीचे काही दिवस झडप दोरीने पूर्ण वर बांधून ठेवावी. पलीकडे आवडीचा खाऊ ठेवून गोड आवाजात हाक मारावी. मांजर निर्भयपणे ये-जा करू लागले, की झडप थोडी थोडी खाली आणावी. अखेरीस ते स्वतः डोक्याने झडप ढकलू लागते. घर नवे असेल, तर मांजराला निदान तीन आठवडे आतच ठेवावे. म्हणजे ते घर ओळखते आणि वाट चुकत नाही. रात्री रस्त्यावरील वाहनांपासून त्याला धोका असतो. म्हणून संध्याकाळी ते घरी परतल्यावर खिट्टी लावून घेणे इष्ट.

एका मुक्या प्राण्यासाठी वीतभर वाट करून द्यावयाची, तर एवढ्या गोष्टी पाहाव्या लागतात. सुताराची करवत आपली, दार आपले, घरही आपले. पण माप मात्र आपले चालत नाही. ते ज्याला त्या वाटेने जावयाचे आहे त्याच्या अंगाचे आणि त्याच्या भीतीचेही घ्यावे लागते. शाळेचा जिना बांधताना, पाणपोईचा नळ बसवताना, म्हाताऱ्या आजीसाठी उंबऱ्याजवळ पायरी करताना हाच नियम लागू पडतो.

अभ्यास

१. थंड देशात मांजरासाठी निराळे दार का करावे लागते?
२. एक्झेटर येथील चर्चच्या हिशेबांतून कोणकोणती माहिती मिळते?
३. न्यूटन यांच्याविषयीची गोष्ट खरी मानण्यास कोणत्या अडचणी आहेत? तुम्ही ऐकलेली अशीच एखादी गोष्ट सांगा व ती खरी आहे की नाही, हे कसे तपासाल ते लिहा.
४. कारणे द्या : (अ) झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला असावी. (आ) मांजराला झडपेतून ढकलू नये.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : बंदोबस्त, कारकीर्द, झोपमोड होणे, धास्ती बसणे.
६. तुमच्या शाळेतील किंवा घरातील अशी एक वस्तू शोधा, की जी वापरणाऱ्याच्या मापाने केलेली नाही. ती कशी सुधाराल, हे दहा ओळींत लिहा.