वंशावळीचे वाचन : घरातील कागदांची भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• वंशावळ कोणत्या प्रयोजनाने रचली जाते, हे सांगता येईल.
• तिच्यातील नातेदर्शक शब्दांचा व क्रियापदांचा अर्थ लावता येईल.
• तिच्यात न आलेली नावे अन्य कागदांत शोधता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास म्हटले की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांसाठी जमवलेले कितीतरी कागद खाजगी घराण्यांच्या दप्तरांतील होते. घरातील जुन्या पेटीतील कागद हेही इतिहासाचे साधन असते. त्यांपैकी वंशावळ आपल्या सर्वांत परिचयाची. वारसनोंदीसाठी किंवा जातपडताळणीसाठी तुमच्यापैकी अनेकांनी ती लिहूनही दिली असेल. येथे आपण तिच्याकडे एक मजकूर म्हणून पाहणार आहोत.

२. वंशावळीचे प्रयोजन

वंशावळ केवळ आठवणीसाठी क्वचितच लिहिली जाते. वतनाच्या तंट्यात पक्षकार आपल्या घराण्याची हकीकत ‘करीना’ या कागदात मांडत असे. त्र्यंबकेश्वर, नाशिक यांसारख्या क्षेत्री उपाध्ये यजमानांच्या पिढ्यांची नावे वहीत उतरवून घेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत आले आहेत. वतनाचा दावा, श्राद्धविधी, घराण्याचा गौरव अशी ही प्रयोजने भिन्न आहेत. त्यानुसार कोणती शाखा विस्ताराने यावी आणि कोणती एका ओळीत आटोपावी, हे ठरते. म्हणून वंशावळ हाती आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा : ही कोणी, कोणासाठी आणि कोणता हक्क सांगण्यासाठी लिहिली?

३. वंशावळीची भाषा

जुन्या नोंदींत ‘रामजी बिन विठोजी’ किंवा ‘रामजी वलद विठोजी’ अशी नावे आढळतात. ‘बिन’ आणि ‘वलद’ हे अरबीतून आलेले शब्द ‘चा मुलगा’ हा संबंध दाखवतात. स्त्रीची नोंद मात्र ‘सखू भ्रतार रामजी’ किंवा ‘सखू कोम रामजी’ अशी होते. दोन्हींचा अर्थ ‘रामजीची पत्नी’. पुरुषाची ओळख पित्यावरून आणि विवाहित स्त्रीची पतीवरून, ही व्यवस्था या एकेका शब्दात साठवलेली आहे.

क्रियापदेही पाहा. ‘थोरली कन्या वाईस दिली’, ‘दुसऱ्या मुलास साताऱ्याची मुलगी केली’ या वाक्यांत देणारे आणि करणारे कुटुंब आहे. मुलगी कर्माच्या स्थानी येते. पुष्कळदा तिचे नाव न येता गावाचेच नाव येते. ‘निपुत्रिक’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘पुत्र नसलेला’ एवढाच. पण चार मुली असलेल्या गृहस्थाचाही ‘वंश खुंटला’ असे आपण सहज म्हणतो. त्या चार मुलींची संतती हयात असते. वंशावळीच्या कागदावर मात्र ती शाखा तेथेच संपते. येथे भाषा वस्तुस्थितीचे केवळ वर्णन करत नाही. कोणाला वंशात मोजायचे, हे ती ठरवते.

४. न आलेल्या नावांचा शोध

वंशावळीत नसलेली स्त्री अन्य कागदांत भेटू शकते. पती निधन पावला आणि मुले लहान असली, तर जमिनीच्या दप्तरात तिची नोंद ‘अज्ञान पालन करणार आई’ म्हणून होते. वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ आणि जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक ही साधने या दृष्टीने तपासावीत.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या मिळकतीत पहिल्या वर्गातील वारस ठरली. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. त्यामुळे फेरफारात मुलींची नावे, सासरची आडनावे व गावे सापडतात. अनेकदा पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्रान्वये ती कमीही झालेली दिसतात. जी नोंद तिचा हक्क संपल्याचे सांगते, तीच कधी तिच्या नावाचा एकमेव लेखी पुरावा असते. अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी टिपून ठेवाव्यात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. विवाहात नाव बदलण्याच्या रूढीमुळे माहेरच्या कागदातील ‘ठकू’ आणि सासरच्या कागदातील ‘राधाबाई’ ही एकच व्यक्ती असू शकते.

५. पडताळणी

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे रामजी–विठोजी–रामजी अशी आवर्तने होतात व नकल करताना दोन पिढ्या एक होऊन जातात. अशा वेळी कालनिर्देश उपयोगी पडतो. शकात ७८ किंवा ७९ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन येतो. दोन पिढ्यांतील अंतर साठ वर्षांचे निघाले, तर मधली एक पिढी गळल्याची शक्यता तपासावी. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. म्हणून नावाचे वाचनही दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे.

६. सारांश

वंशावळ हा पुरावा आहे, तसाच तो एक दावाही आहे. तिच्यातील शब्द कोणाला दृश्य करतात आणि कोणाला झाकतात, हे समजल्यावरच ती इतिहासाच्या कामी येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला आहे. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकाला ते नाव सहज मिळेल. त्याआधीच्या पिढ्यांतील आयांची नावे मात्र तुम्हालाच शोधावी लागतील. आणि ती ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे आज वयोवृद्ध आहेत.

स्वाध्याय

१. ‘बिन’, ‘वलद’, ‘भ्रतार’, ‘कोम’ या शब्दांतून व्यक्त होणारी कुटुंबव्यवस्था स्पष्ट करा.
२. ‘मुलगी देणे’ आणि ‘मुलगी करणे’ या प्रयोगांचे सामाजिक अंगाने विवेचन करा.
३. उपक्रम : आपली आई, तिची आई आणि तिचीही आई यांची माहेरची नावे मिळवा. प्रत्येक नाव कोठून मिळाले – कागदातून की कोणाच्या सांगण्यावरून – याची नोंद करा. जेथे शोध थांबला, तेथे तो का थांबला, यावर दहा ओळी लिहा.