गंज आणि पद्मिनी : एक स्वानुभवी अभ्यास

लोखंड आणि मीठ यांचे वैर मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. खिडकीचे गज, विहिरीवरचा रहाट, सायकलची साखळी, होडीचे खिळे. जिकडे तिकडे तो तांबूस भुगा आपण रोज पाहतो. परंतु पाहणे निराळे आणि अभ्यासणे निराळे. गेल्या दीड वर्षात एका गंजलेल्या मोटारीने मला हा अभ्यास करायला लावला. कला शाखेच्या विद्यार्थ्याने असला विषय का निवडावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

ही मोटार म्हणजे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. माझे बाबा सातवीपर्यंत शिकले आणि मुंबईला गेले. २२ वर्षे त्यांनी तेथे दुसऱ्याची टॅक्सी चालवली. गावी परतताना जमवलेल्या पैशातून ही जुनी खाजगी गाडी विकत घेतली. आमच्या घराण्यातले पहिले वाहन. पुढे साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी मंदावली आणि गाडी २०१६ पासून मांगरात उभी राहिली. मी पहिल्या वर्षात असताना भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. बाबा म्हणाले, "देवन टाक रे तेका. तुझी फी तरी सुटतली." मी एक वर्षाची मुदत मागून घेतली. पर्यटनाच्या हंगामात किल्ल्याच्या बोटीवर काम करून फी भरायची आणि उरेल त्यात गाडी, असे ठरले. 'छंद' हा शब्द आमच्या घरात तोपर्यंत कुणी वापरलेला मी ऐकला नव्हता.

गाडीची कुळकथा

सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद हे भारतीय उद्योगातले मोठे नाव. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत त्यांनी परदेशी मक्तेदारीपुढे पाय रोवले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. आरंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० आली. १९७४ पासून हीच गाडी चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सी. सी., शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा छंद अमेरिकेत फार मोठा आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकातल्या दणकट गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओचे इंजिन ६.४ लिटरचे आणि शक्ती ३२५ अश्वशक्ती! आमच्या पद्मिनीसारख्या आठ गाड्या एकत्र जुंपल्या तरच बरोबरी व्हायची. परंतु दोघींचा शत्रू एकच. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटते. आमच्याकडे तेच मीठ खारा वारा घरपोच आणून देतो.

गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. ही क्रिया विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंड विरघळते, दुसऱ्या जागी प्राणवायू ते विद्युत्कण घेतो; मधले ओले पाणी हे या व्यवहारातले वाहन. पाण्यात मीठ असले की वाहन वेगाने धावते. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो.

तांबे किंवा अॅल्युमिनियमवर जो थर येतो तो घट्ट असतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. गंज मात्र सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्रा सुटतो, आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणूनच गंज एकदा लागला की आपोआप थांबत नाही.

येथे मला एक आश्चर्य वाटले. उघड्या पावसात भिजणारे टप त्या मानाने शाबूत होते. दाराचे तळ, पायाखालचा पत्रा आणि डिकीत स्टेपनीखालची जागा यांची मात्र चाळण झाली होती. मांगराला झाप होते ते अर्धेच. पुढचा भाग पावसात. विचार केल्यावर उलगडा झाला. पाऊस उघड्या भागावरचे मीठ धुऊन नेतो. झाकलेल्या कोपऱ्यांत ते साठून राहते. त्यातच आमच्या मांगराची जमीन मातीची, सतत ओल सोडणारी. झाकून ठेवले म्हणजे राखले, हा समज चुकीचा होता.

परीक्षा

पहिले काम धुण्याचे. तेही गोड्या पाण्याने. आमची विहीर खाडीजवळची, मे महिन्यात पाणी मचूळ होते; तेव्हा वरच्या वाडीतून पाणी आणून गाडी आतून बाहेरून चार वेळा धुतली. मीठ राहिले तर पुढचे सर्व काम व्यर्थ.

मग पत्रा तपासायचा. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचत होतो. बाबा काठी टेकत आले, खाली बसले आणि बोटाच्या पेराने ठोकू लागले. "ऐक. हयसर पत्रो बोलता. थंयसर गप ऱ्हवता." जेथे आवाज खणखणीत तेथे धातू जिवंत, जेथे बद्द, तेथे आत पोकळ किंवा भरलेले काहीतरी. मी खडूने खुणा करीत गेलो. दिसत नसलेल्या माणसाने मला अर्ध्या तासात संपूर्ण गाडीचा नकाशा काढून दिला.

डाव्या दाराखालच्या पेटीवर मात्र आमचा वाद झाला. वरून ती गुळगुळीत, रंगही चांगला. मी म्हणालो, ही शाबूत आहे. बाबा म्हणाले, "गप आसा." फोडून पाहिले तर आत लांबीचा जाड थर, त्याखाली चिंध्या, आणि चिंध्यांखाली लोखंड असे काही उरलेच नव्हते. गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी कुणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली नुसते झाकण केले होते. चिंध्यांनी ओल धरून ठेवली आणि उरलेला पत्राही खाल्ला.

कापणे आणि जोडणे

जीपला खाली वेगळा सांगाडा असतो. पद्मिनीला तो नाही. तळ, दाराखालच्या पेट्या आणि टप मिळूनच गाडीचा कणा होतो. म्हणून पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे जोडून घ्यावे लागतात. अन्यथा गाडी मध्येच खचते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. ही गोष्ट आम्हाला कुडाळच्या एका वृद्ध मेस्त्रींनी सांगितली. वेल्डिंगही त्यांच्याच हातून झाले. शिकाऊ हाताने करण्याचे ते काम नव्हे.

नियम एकच : चांगला धातू लागेपर्यंत कापायचे. गंजावर ठिगळ लावले तर ठिगळाच्या कडेने गंज पुन्हा सुरू होतो. नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा घेतला. पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. म्हणून मेस्त्री एका टोकाला टाका घालीत, मग दुसऱ्या टोकाला, आणि मधे थंड होऊ देत. पेट्रोलची टाकी आम्ही आधीच काढून दूर ठेवली. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, हे ध्यानात ठेवावे.

अडकलेल्या नटांना घासलेट आणि तेल पाजून दोन-दोन दिवस वाट पाहिली. जोर लावला की नट तुटतो. थोडा पुढे, थोडा मागे असे केले की सुटतो. इंजिनही जाम झाले होते. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल व तेलाचे मिश्रण ओतले आणि रोज क्रँकच्या टोकाच्या नटला पाना लावून हलके पाहिले. नवव्या दिवशी ते बोटभर फिरले.

रासायनिक उपाय

लहान भागांसाठी रसायनशास्त्राच्या सरांनी एक युक्ती सांगितली. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, जुन्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. काही तासांत गंज सुटून येतो. यात हायड्रोजन वायू निघतो म्हणून काम उघड्यावर करावे. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण विषारी द्रव्य तयार होते.

मोठ्या पत्र्यावर तारेचा ब्रश मारून फॉस्फरिक आम्ल लावले. त्याने उरल्यासुरल्या गंजाचे लोह फॉस्फेट होते आणि तो थर पत्र्याला धरून राहतो. हे वाचताना मला दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. सुमारे १६०० वर्षे, ६ टनांहून अधिक वजनाचा तो स्तंभ उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आय. आय. टी.चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले की त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचे संरक्षक कवच तयार झाले. दिल्लीची कोरडी हवाही त्याला साह्य करते. मालवणच्या वाळूत उभा असता तर त्याची परीक्षा अधिक कठीण झाली असती!

माझी एक चूक सांगितलीच पाहिजे. श्रावणात एका संध्याकाळी डाव्या बाजूचा पत्रा घासून चकचकीत केला आणि थकून झोपलो. सकाळी पाहतो तो सबंध पत्रा नारिंगी! दिवसभराची मेहनत एका रात्रीच्या दमट हवेने पुसली. तेव्हापासून 'ज्या दिवशी घासले त्याच दिवशी प्रायमर' हा नियम केला. प्रायमर जस्ताचे घेतले, कारण जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. सर हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये इंग्रजी आरमाराच्या जहाजांचे तांबे वाचवण्यासाठी हेच तत्त्व सुचवले होते. लोखंडी जहाजांच्या तळाला आजही जस्ताचे तुकडे लावतात ते याचसाठी. प्रायमरही तसेच उघडे सोडू नये, ते पाणी पिते. शेवटी पोकळ पेट्यांत तेल आणि मेण यांचे मिश्रण सोडले आणि दाराच्या तळाची बुजलेली भोके मोकळी केली. पाणी शिरू नये याची जितकी काळजी, तितकीच शिरलेले पाणी निघून जावे याची घ्यावी लागते.

गाडी तीच का?

निम्मा तळ, दोन्ही पेट्या, दारांचे खालचे भाग बदलल्यावर माझ्यातला कला शाखेचा विद्यार्थी जागा झाला. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले? तत्त्वज्ञ यावर शतकानुशतके वाद घालीत आले आहेत. मी हा प्रश्न बाबांना विचारला. ते म्हणाले, "होडयेच्या फळ्यो बदलल्यो म्हणान होडी दुसरी जाता काय? सगळ्यो एकदम बदललंस तर दुसरी. एकेक बदललंस तर तीच."

मला वाटते, या उत्तरात पुष्कळ काही आहे. जुने भाग नव्यांना सोबत देत देत जातात तोवर वस्तूची ओळख टिकते. आणि झाकण्यात व बदलण्यात जो फरक त्या डाव्या पेटीने शिकवला, तो गाडीपुरता नाही. आमच्या घरातला मी पहिला महाविद्यालयीन विद्यार्थी. पहिल्या वर्षी मी माझी बोली, बाबांचे शिक्षण, आमचा मांगर हे सारे लपवीत होतो. वरून लांबी भरून गुळगुळीत करीत होतो. आता तसे करीत नाही.

आजची स्थिती

गाडी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही. रंग बाकी आहे, आतल्या गाद्या बाकी आहेत. नोंदणीची मुदत संपलेली असल्याने ती रस्त्यावर नेता येत नाही. त्यासाठी नूतनीकरण आणि तपासणी लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीलाच मिळते. आमच्या पद्मिनीला त्यासाठी २०३९ उजाडावे लागेल. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा असेन.

परंतु शिमग्याच्या आदल्या रविवारी कार्ब्युरेटर साफ करून, बाटलीतून पेट्रोल देऊन आम्ही इंजिन सुरू केले. पहिल्यांदा खोकले, मग धूर ओकले, मग चालले. बाबा चालकाच्या जागेवर बसले होते. डोळे मिटून, मान किंचित कलती करून त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "तिसरो सिलिंडर कमी मारता."

मी प्लग काढून पाहिला. तिसराच काळा होता.

(द्वितीय वर्ष, कला)